वेगळी चूल मांडली, तरी डबे सामाईक? विंडोजवर पायथनचं व्हेन्व खरंच वेगळं करताना

माझा भाचा कोल्हापूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी त्याने एक जुना लॅपटॉप विकत घेतला आणि आठवड्याभरात रात्री साडेदहाला फोन आला. "मामा, आत्ताच नवं व्हेन्व केलं. अजून एक पॅकेज टाकलेलं नाही. तरी पिप लिस्ट दिली तर शंभरावर पॅकेजेस दिसतायत. हे काय भूत आहे?"

व्हेन्व म्हणजे एका प्रोजेक्टची पॅकेजेस (तयार कोडचे गठ्ठे) बाकीच्यांपासून वेगळी ठेवणारं फोल्डर, आणि पिप म्हणजे ती पॅकेजेस टाकणारं-काढणारं साधन. भूत पकडून सगळं मार्गी लावायला पाऊण तास लागला. तेव्हा त्याला जे जे तपासायला लावलं, ते इथे क्रमाने लिहितो. कमांड्स फोनवर सांगितल्या तशाच, उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं आणि रोमन आकडे. "पाय" म्हणजे पी आणि वाय, एवढंच. "व्हेन्व" म्हणजे व्ही-ई-एन-व्ही. "-एम" म्हणजे डॅश आणि लहान एम, मध्ये जागा नाही. "पायथनपाथ" मात्र सगळं मोठ्या अक्षरांत आणि सलग.

आधी हे कुंपण कशाचं आहे ते बघू

व्हेन्व पायथनच्या सोबतच येतं, ३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून. त्याआधी व्हर्च्युअलएन्व्ह नावाचं वेगळं पॅकेज टाकावं लागे. ते आजही आहे आणि चांगलं आहे. पण विंडोजवर रोजच्या कामाला व्हेन्व पुरतं.

व्हेन्व केलं की एक फोल्डर तयार होतं. त्यात "स्क्रिप्ट्स" नावाचं फोल्डर, त्यात पायथन.एक्सई आणि पिप.एक्सई. "लिब" मध्ये "साइट-पॅकेजेस", जिथे तुमची पॅकेजेस जाऊन बसतात. आणि वरच एक छोटी फाइल: पायव्हेन्व.सीएफजी. सगळी जादू या चार-पाच ओळींच्या फाइलीत आहे. पायथन सुरू होताना स्वतःच्या शेजारी किंवा एक पायरी वर ही फाइल आहे का ते बघतो. दिसली, तर पॅकेजेस या फोल्डरातली घ्यायची आणि स्टँडर्ड लायब्ररी मात्र मूळ पायथनची वापरायची, हे त्याला कळतं. मूळ पायथन कुठे आहे, तेही त्याच फाइलीत "होम" या ओळीत लिहिलेलं असतं.

म्हणजे हे वाड्यात भावाने वेगळी चूल मांडल्यासारखं आहे. स्वयंपाक वेगळा, डबे वेगळे, पण आड एकच. वाडाच पाडला, म्हणजे मूळ पायथन अनइन्स्टॉल केला, तर चूलही बंद. मग "नो पायथन ॲट" आणि पुढे जुना पाथ, असा संदेश येतो. व्हेन्व ही पायथनची पूर्ण प्रत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवलं की पुढचे निम्मे घोटाळे आपोआप समजतात.

इथे "ॲक्टिव्हेट" चा उल्लेखही आला नाही, हे बघा. ॲक्टिव्हेट करणं म्हणजे फक्त "स्क्रिप्ट्स" फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, सगळ्यात पुढे लावणं, "व्हर्च्युअल_एन्व्ह" नावाचं एक व्हेरिएबल सेट करणं आणि प्रॉम्प्टपुढे कंसात नाव दाखवणं. बाकी फारसं काही नाही. प्रॉम्प्टपुढे कंस दिसतोय म्हणजे आपण आत आहोत, या समजुतीनेच निम्मी पॅकेजेस ग्लोबलमध्ये, म्हणजे व्हेन्वच्या बाहेर मूळ पायथनमध्ये, जाऊन पडतात.

मशीनवर पायथन आहेत तरी किती?

जुना लॅपटॉप असो की ऑफिसचा, सुरुवात इथूनच करायची:

पाय -०पी

हा डॅश, शून्य आणि लहान पी. "पाय" हा लाँचर, म्हणजे हवा तो पायथन उठवणारा प्रोग्राम. तो त्याला माहीत असलेले सगळे पायथन त्यांच्या पाथसकट दाखवतो आणि ज्याच्यापुढे तारा असेल तो डिफॉल्ट. भाच्याकडे तीन निघाले: ३.७, ३.१२ आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून आलेला एक.

मग दुसरी कमांड:

व्हेअर.एक्सई पायथन

यातलं ".एक्सई" खाऊ नका. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या नव्या कमांड खिडकीत, नुसतं "व्हेअर" हे दुसऱ्याच एका कमांडचं टोपणनाव आहे. ते लिहिलं की काहीच छापलं जात नाही आणि माणूस समजतो की पायथनच नाही. जुन्या काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मात्र दोन्ही चालतं.

यादीत "मायक्रोसॉफ्ट\विंडोजॲप्स" असा पाथ आला, तर ते बहुधा खरं पायथन नसून स्टोअर उघडून देणारा दरवान असतो. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० अपडेटपासून तो तिथे बसलेला आहे. त्याला उठवायला सेटिंग्जमध्ये "ॲप एक्झिक्युशन एलियासेस" शोधा आणि पायथन.एक्सई, पायथन३.एक्सई या दोन्हींचे खटके बंद करा. स्टोअरचा पायथन तुम्ही मुद्दाम वापरत असाल तर मात्र राहू द्या.

चूल मांडू

प्रोजेक्टचं फोल्डर शक्यतो सी:\कोड असं आखूड आणि साध्या नावाचं ठेवा. डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये नको. हल्ली बऱ्याच मशीन्सवर ती दोन्ही फोल्डर्स वनड्राइव्हशी जोडलेली असतात आणि व्हेन्वमध्ये हजारो बारक्या फाइली असतात. पिप एकीकडे फाइल लिहितोय आणि वनड्राइव्ह तीच उचलून वर पाठवतोय, अशी ओढाताण सुरू होते. शिवाय विंडोजची पाथसाठीची जुनी २६० अक्षरांची मर्यादा आहेच. खोल फोल्डरात मोठं पॅकेज टाकताना ती कधी आडवी येईल सांगता येत नाही.

फोल्डरात जाऊन:

पाय -३.१२ -एम व्हेन्व .व्हेन्व

शेवटच्या नावाआधी टिंब आहे. ते नाव तुमच्या मर्जीचं, पण व्हीएस कोड या एडिटरला आणि सोबत काम करणाऱ्यांना हेच ओळखीचं असतं. आवृत्ती मुद्दाम लिहायची, नुसतं "पाय" नाही. सहा महिन्यांनी नवं पायथन टाकाल तेव्हा डिफॉल्ट बदलेल आणि हीच कमांड वेगळं व्हेन्व देईल.

आता आत जायचं. पॉवरशेलमध्ये:

.\.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट.पीएस१

इथे पहिल्यांदा लाल अक्षरांत ओरडा होण्याची दाट शक्यता: या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे, असं काहीसं. विंडोजचा तो नेहमीचा पहारा आहे. स्वतःच्या खात्यापुरता तो सैल करायचा, ॲडमिनची गरज नाही:

सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयुजर

ऑफिसच्या मशीनवर पॉलिसी वरून लादलेली असेल तर हे चालणार नाही. मग भांडत बसू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून ॲक्टिव्हेट.बॅट चालवा, किंवा सरळ ॲक्टिव्हेटच करू नका. मी स्वतः बऱ्याचदा हेच करतो:

.\.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\पायथन -एम पिप लिस्ट

पूर्ण पाथ देऊन व्हेन्वचा पायथन बोलावला की तो शेजारची सीएफजी फाइल वाचतो आणि काम झालं. लांबलचक दिसतं, पण यात फसायला जागा राहत नाही.

नव्या व्हेन्वची यादी कशी दिसायला हवी? ३.१२ पासून पुढे फक्त पिप, एक ओळ. त्याआधीच्या आवृत्त्यांत पिप आणि सेटअपटूल्स. याहून जास्त काही दिसलं तर कुंपणाला भोक आहे.

भूत पकडतो तेव्हा

भाच्याला म्हटलं, "अरे, यादीतलं एखादं पॅकेज घे आणि ते इन्स्टॉल करायला सांग." त्याने नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज घेतलं:

पायथन -एम पिप इन्स्टॉल नमपाय

उत्तर आलं, "रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड". ही ओळ लोक अर्धीच वाचतात आणि सोडून देतात. तिच्या पुढच्या भागातच चोराचा पत्ता असतो: पॅकेज कोणत्या फोल्डरात सापडलं, तो पूर्ण पाथ. भाच्याने वाचून दाखवलं, "डी:\जीआयएस\... मामा, मी तर डी ड्राइव्हला हातच लावलेला नाही."

मग दुसरी साक्ष काढली:

पायथन -एम साइट

ही एवढी एकच कमांड पाठ केलीत तरी लेख वाचल्याचं चीज झालं. पायथन पॅकेजेस कुठे कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधतो, ती यादी ही कमांड छापते. खाली "इनेबल_युजर_साइट" अशी ओळ असते. व्हेन्वमध्ये तिच्यापुढे "फॉल्स" हवं. धडधाकट व्हेन्वमध्ये यादीत चालू फोल्डर, मूळ पायथनची झिप फाइल, डीएलएल्स, लिब आणि खुद्द त्याचं फोल्डर, मग व्हेन्वचं स्वतःचं फोल्डर आणि साइट-पॅकेजेस एवढंच असतं. मूळ पायथनचं "लिब" दिसलं म्हणून घाबरू नका, तो सामाईक आड. मूळ पायथनचं "लिब\साइट-पॅकेजेस" दिसलं तर मात्र घाबरा.

भाच्याच्या यादीत दुसऱ्याच नंबरावर डी:\जीआयएस होतं. व्हेन्वच्या साइट-पॅकेजेसच्या कितीतरी वर. म्हणजे ती पॅकेजेस नुसती दिसत नव्हती, तीच आधी उचलली जात होती. त्याने आत दुसरं नमपाय कसंबसं टाकलं असतं, तरी इम्पोर्ट झालं असतं डी ड्राइव्हवरचंच.

हे काम पायथनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं, म्हणजे विंडोज प्रत्येक प्रोग्रामच्या हाती देतो त्या नाव-किंमत नोंदींपैकी एकीचं. लॅपटॉपच्या आधीच्या मालकाने नकाशांचं कुठलंसं सॉफ्टवेअर टाकलं होतं. इन्स्टॉलरने म्हणा किंवा कुणीतरी हाताने म्हणा, ते व्हेरिएबल भरून ठेवलं. सॉफ्टवेअर गेलं, फोल्डर आणि व्हेरिएबल राहिलं. पायथनपाथमध्ये जे असेल ते प्रत्येक पायथनच्या यादीत, अगदी सुरुवातीला जाऊन बसतं, मग तो ग्लोबल असो की व्हेन्वमधला. व्हेन्वचं ॲक्टिव्हेट स्क्रिप्ट पायथनहोम नावाचं भावंड व्हेरिएबल काढून टाकतं, पण पायथनपाथला हात लावत नाही.

त्यात ती पॅकेजेस ३.७ साठी बांधलेली. नमपायसारख्या पॅकेजमध्ये सीमध्ये लिहून कंपाइल केलेल्या फाइली असतात आणि त्या ठरावीक आवृत्तीलाच चालतात. म्हणून पिप म्हणतोय "आहे की", आणि इम्पोर्ट करायला जावं तर एररचं भलंमोठं भेंडोळं. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते.

खात्री करायची सोपी युक्ती अशी. एकदा साधी यादी काढा आणि एकदा मोठ्या ई सकट:

पायथन -ई -एम पिप लिस्ट

डॅश आणि मोठा ई म्हणजे "पायथनने सुरू होणारी सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स विसर". या यादीत फक्त पिप उरला तर गुन्हेगार व्हेरिएबलच. भाच्याच्या स्क्रीनवर एक ओळ उरली.

आता काढायचं कसं? स्टार्टमध्ये "एन्व्हायर्नमेंट" एवढं टाइप केलं की "एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट" येतं. तिथे दोन खोकी असतात: वर तुमच्या खात्याची व्हेरिएबल्स, खाली सगळ्या सिस्टिमची. दोन्हींत पायथनपाथ आणि पायथनहोम शोधा. काढण्याआधी किंमत नोटपॅडमध्ये उतरवून ठेवा. एखादं जिवंत सॉफ्टवेअर त्यावर अवलंबून असू शकतं. खालच्या खोक्यातलं काढायला ॲडमिन लागतो.

मग उघडे टर्मिनल बंद करा. व्हीएस कोडही पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण आधीपासून उघडलेल्या प्रोग्रामकडे व्हेरिएबलची जुनी प्रत असते. भाच्याने इथेच पाच मिनिटं घालवली: "काढलं, तरी दिसतंय!" टर्मिनल तोच होता, व्हीएस कोडच्या आतला.

दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी ते व्हेरिएबल ठेवणं भागच असेल, तर त्या खिडकीपुरतं पुसा. कमांड प्रॉम्प्टमध्ये:

सेट पायथनपाथ=

बरोबरच्या चिन्हापुढे काही लिहायचं नाही, जागासुद्धा नाही.

बाकीची भोकं

पायथनपाथ नसतानाही ग्लोबल पॅकेजेस दिसत असतील तर पायव्हेन्व.सीएफजी नोटपॅडमध्ये उघडा. त्यात "इन्क्लूड-सिस्टिम-साइट-पॅकेजेस" अशी ओळ आहे. तिच्यापुढे "ट्रू" असेल तर ते व्हेन्व करताना कुणीतरी "--सिस्टिम-साइट-पॅकेजेस" लावलं होतं. इंटरनेटवरच्या एखाद्या जुन्या उत्तरातून ते बरेचदा येतं, "डाउनलोड वाचतो" म्हणून. "फॉल्स" करून सेव्ह करा, झालं. पुन्हा व्हेन्व बांधायची गरज नाही.

याहून जास्त वेळा होतं ते उलटं: व्हेन्व शाबूत असतं, पण आपण बोलावतो दुसऱ्याच पायथनला. याच्या तीन तऱ्हा मी पुन्हा पुन्हा पाहिल्यात.

पहिली, ॲक्टिव्हेट करून झाल्यावर "पाय -३.१२ -एम पिप इन्स्टॉल" लिहिणं. नुसतं "पाय" लिहिलं तर लाँचर चालू व्हेन्वचा मान राखतो. पण आवृत्ती सांगितलीत की तो व्हेन्व सोडून थेट ग्लोबल ३.१२ उचलतो. व्हेन्व बनवताना आवृत्ती लिहायची आणि आत गेल्यावर मात्र "पाय" हा शब्दच विसरायचा, फक्त "पायथन".

दुसरी, "पायथन३". लिनक्सवरच्या धड्यांत सगळीकडे हेच लिहिलेलं असतं. विंडोजवरच्या व्हेन्वमध्ये पायथन३.एक्सई नावाची फाइल सहसा नसतेच. मग विंडोज पाथमध्ये पुढे शोधत जातो आणि स्टोअरवाला पायथन किंवा तो दरवान हाती लागतो.

तिसरी, नुसतं "पिप". पाथमध्ये जो पिप आधी सापडेल तो धावतो आणि तो कोणत्या पायथनचा हे त्यालाच ठाऊक. "पायथन -एम पिप" लिहायला चार अक्षरं जास्त, पण जो पायथन त्याचाच पिप, यात गल्लत नाही.

कधी भोक आपणच पाडलेलं असतं. प्रोजेक्टच्या फोल्डरात रँडम.पीवाय किंवा नमपाय.पीवाय नावाची सरावाची फाइल करून ठेवली की पायथन खऱ्या पॅकेजऐवजी तीच इम्पोर्ट करतो, कारण चालू स्क्रिप्टचं फोल्डर यादीत सर्वांत वर असतं. फाइलीचं नाव बदला. संशय आला तर ३.११ पासून डॅश मोठा पी हा पर्याय आहे. तो ते फोल्डर यादीत घालतच नाही.

आणखी एक न भोक असलेलं भोक: टास्क मॅनेजरमध्ये एकाच स्क्रिप्टचे दोन पायथन.एक्सई दिसतात आणि त्यातला एक ग्लोबल पाथचा असतो. हे बघून लोक व्हेन्व पुसून पुन्हा बांधतात. गरज नाही. विंडोजवर ३.७.२ पासून व्हेन्वमधली पायथन.एक्सई ही मूळ पायथनला उठवणारी छोटी फाइल असते, म्हणून दोन दिसतात. पॅकेजेस व्हेन्वचीच वापरली जातात.

ग्लोबलला कुलूप

भोकं बुजवली, पण सवय जात नाही. म्हणून पिपलाच सांगून ठेवायचं की व्हेन्वच्या बाहेर काही इन्स्टॉल करायचंच नाही:

पायथन -एम पिप कॉन्फिग सेट ग्लोबल.रिक्वायर-व्हर्च्युअलएन्व्ह ट्रू

ही सूचना तुमच्या खात्याच्या ॲपडेटा\रोमिंग मधल्या पिप फोल्डरात पिप.आयएनआय या फाइलीत लिहिली जाते. यानंतर ग्लोबलमध्ये इन्स्टॉल केलंत की पिप "ॲक्टिव्हेटेड व्हर्च्युअलएन्व्ह सापडलं नाही" म्हणून हात झटकतो. त्याच्या शब्दांवर जाऊ नका, ॲक्टिव्हेशनशी त्याला देणंघेणं नाही. व्हेन्वचा पायथन पूर्ण पाथने बोलावलात तरी तो खूश असतो. लिस्ट, फ्रीझसारख्या नुसत्या बघायच्या कमांड्स ग्लोबलवरही चालतात. माझ्या मते नव्या मशीनवर पायथन टाकल्यावरची पहिली कमांड हीच असावी. डेबियन १२ सारख्या लिनक्सवर असा अडसर आयताच मिळतो. विंडोजवर तो आपण घालायचा.

कुलूप लावण्याआधी ग्लोबलचा जुना पसारा झाडून घ्या. आधी यादी:

पाय -३.१२ -एम पिप फ्रीझ > जुने.टीएक्सटी

यादी नीट वाचा, एखादं हवं असेल तर ती ओळ काढा, मग:

पाय -३.१२ -एम पिप अनइन्स्टॉल -वाय -आर जुने.टीएक्सटी

फ्रीझच्या यादीत पिप स्वतः येत नाही, त्यामुळे तो वाचतो. ॲनाकोंडा या वेगळ्या संचातून आलेल्या पायथनवर (त्याचं स्वतःचं पॅकेज साधन म्हणजे कोंडा) मात्र हे करू नका. तिथला बेस कोंडाच्या हिशोबाने बांधलेला असतो आणि पिपने ओढाताण केली की कोंडाच मोडतो. कोंडा वापरायचं असेल तर त्याचीच एन्व्हायर्नमेंट्स वापरा, कोंडाच्या बेसवर व्हेन्व उभं करण्याची खिचडी नको.

वर ">" वापरताना एक मेख आहे. विंडोजसोबत येणारं जुनं पॉवरशेल, ५.१, त्या चिन्हाने फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. पिप ती वाचू शकतो, पण गिट हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन तिला बायनरी समजतं आणि काय बदललं ते दाखवत नाही. प्रोजेक्टची रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी करताना कमांड प्रॉम्प्ट वापरा, किंवा व्हीएस कोडमध्ये उघडून खालच्या पट्टीवरून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

एडिटर आणि नोटबुक

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी, मग "पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर" आणि यादीतून .व्हेन्वचा. तो सापडायला व्हीएस कोडमध्ये प्रोजेक्टचं फोल्डर उघडलेलं हवं. सुटी फाइल उघडली तर बहुधा तो ग्लोबल पायथन धरून बसतो.

ज्युपिटरचं, म्हणजे ब्राउझरमध्ये तुकड्या-तुकड्याने कोड चालवायच्या नोटबुकचं, दुखणं वेगळं. व्हेन्वमधून ज्युपिटर सुरू केलं, तरी नोटबुक कोणत्या पायथनवर चालतंय हे कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा पायथन, ठरवतो आणि कर्नलच्या नोंदीत पायथनचा पूर्ण पाथ लिहिलेला असू शकतो. या नोंदी ॲपडेटा\रोमिंग\ज्युपिटर\कर्नल्स मध्ये, म्हणजे सगळ्या व्हेन्वना सामाईक. प्रत्येक प्रोजेक्टसाठी व्हेन्वच्या आतून स्वतःचा कर्नल नोंदवा:

पायथन -एम पिप इन्स्टॉल आयपायकर्नल
पायथन -एम आयपायकर्नल इन्स्टॉल --युजर --नेम सातबारा

इथलं "--युजर" पॅकेज बाहेर टाकत नाही, फक्त नोंद तुमच्या खात्यात करतं. "सातबारा" हे भाच्याच्या प्रोजेक्टचं नाव. स्कॅन केलेल्या सातबाऱ्यावरचा मराठी मजकूर वाचायचा आहे त्याला. नोटबुकच्या आतून काही टाकायचं झालं तर उद्गारचिन्ह लावून नव्हे, टक्क्याचं चिन्ह लावून "%पिप इन्स्टॉल" लिहा. उद्गारचिन्हवाला पिप पाथमधून येतो, टक्क्यावाला चालू कर्नलचा.

हलवायचं नाही, पुन्हा बांधायचं

प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव बदललं किंवा पेनड्राइव्हवरून व्हेन्व दुसऱ्या मशीनवर नेलं, की पिप.एक्सई "फेटल एरर इन लाँचर" म्हणून कोलमडतो. त्या फाइलीत पायथनचा जुना पूर्ण पाथ गोंदवलेला असतो. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. .व्हेन्व फोल्डर पुसा, नवं करा आणि यादीवरून पॅकेजेस भरा:

पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

व्हेन्व गिटमध्येही घालायचं नाही. ३.१३ पासून व्हेन्व स्वतःच आत एक .गिटइग्नोर फाइल टाकतं. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर ती ओळ तुम्ही लिहा.

पीवाय फाइलीवर डबल-क्लिक केलं की ती ग्लोबल पायथनवर चालते, प्रोजेक्टमध्ये व्हेन्व असलं तरी. रोज सकाळी आपोआप चालायचं स्क्रिप्ट टास्क शेड्युलरमध्ये लावताना "प्रोग्राम" च्या चौकटीत सी:\कोड\...\.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\पायथन.एक्सई असा पूर्ण पाथ द्या, "आर्ग्युमेंट्स" मध्ये स्क्रिप्टचं नाव आणि "स्टार्ट इन" मध्ये प्रोजेक्टचं फोल्डर. ती तिसरी चौकट रिकामी ठेवली, तर स्क्रिप्ट भलत्याच फोल्डरात फाइली शोधत बसतं.

कुंपणाच्या बाहेरचं बाहेरच

सगळं झाल्यावर भाच्याने पायटेसरॅक्ट आणि पिलो ही दोन पॅकेजेस टाकली, साइटची यादी तपासली, सगळं स्वच्छ. स्क्रिप्ट चालवलं आणि एरर: टेसरॅक्ट सापडत नाही. "मामा, आत्ता तर टाकलं ना?"

टाकलं होतं ते पायथनचं पॅकेज. ते नुसता निरोप्या आहे. अक्षरं ओळखणारा खरा टेसरॅक्ट.एक्सई हा विंडोजचा वेगळा प्रोग्राम. तो व्हेन्वमध्ये राहत नाही आणि पिपही तो आणत नाही. एफएफएमपेग, डेटाबेसचे ड्रायव्हर, सी++ चे रनटाइम, सगळ्यांचं तसंच. व्हेन्व फक्त पायथनची पॅकेजेस वेगळी करतं. बाकी पाथ, डीएलएल, फॉन्ट आणि इतर व्हेरिएबल्स सगळ्या वाड्याचीच. तीही वेगळी हवी असतील तर डॉकर किंवा डब्ल्यूएसएलकडे जावं लागेल, आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी ते सुचवणार नाही.

त्याला टेसरॅक्ट वेगळं इन्स्टॉल करायला लावलं, मराठीची एमएआर.ट्रेन्डडेटा ही फाइल टेसडेटा फोल्डरात ठेवायला लावली आणि स्क्रिप्टमध्ये टेसरॅक्ट.एक्सईचा पूर्ण पाथ लिहायला लावला, म्हणजे विंडोजच्या पाथवर विसंबायला नको. सव्वाअकराला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. पिप लिस्टमध्ये चार ओळी: पॅकेजिंग, पिलो, पिप, पायटेसरॅक्ट. खाली विचारलेलं, "हे पॅकेजिंग कुठून आलं? मी टाकलं नव्हतं."

पायटेसरॅक्टला लागतं म्हणून पिपने सोबत आणलं होतं. "पायथन -एम पिप शो पॅकेजिंग" चालव आणि "रिक्वायर्ड-बाय" ची ओळ वाच, एवढं लिहून मी झोपलो.